काकीचं खळं भाड्याने दिलेलं नाही

आज सकाळी चुलतभावाने घरं भाड्याने देणाऱ्या ॲपवरची एक लिंक पाठवली. मालवणजवळच्या आमच्या देवबागातला बंगला, 'संपूर्ण घर तुमचं'. चौथा फोटो बघितला आणि डोकंच फिरलं. सारवलेलं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, तुळस, रांगोळी, आणि खाली लिहिलंय, 'अस्सल मालवणी आदरातिथ्य'. ते खळं बंगल्याचं नाहीच! शेजारच्या आमच्या काकीचं आहे. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

ह्याच मे महिन्यातली गोष्ट. रात्री अकरा वाजता वळीव कोसळत होता, लाईट गेलेली. बंगल्यावर आलेलं एक कुटुंब दाराशी भिजत उभं. नंबरचं कुलूप उघडेना, मालक मुंबईत, फोन उचलत नाही. शेवटी त्यांनी काकीचं दार वाजवलं. तिने पेज टाकली, सुको बांगडो भाजला, पोरांना आतल्या खोलीत निजवलं. मी तिला म्हटलं, ओळख ना पाळख, कशाला घरात घेतलंस? तर म्हणते, "ल्हान पोरां उपाशी कशी निजतली?" सकाळी तिने पैसेही घेतले नाहीत. त्या भल्या माणसांनी ॲपवर भरभरून लिहिलं, फाइव्ह स्टार दिले. ते गेले कोणाला? बंगल्याच्या मालकाला.

म्हणे शेअरिंग इकॉनॉमी, आपल्याकडे आहे ते वाटून घेऊन चालणारा व्यवहार. २००७ साली घरं भाड्याने देणारं एअरबीएनबी सुरू झालं ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन मुलांनी स्वतः राहत्या घरात हवेच्या गाद्या टाकून. ते वाटून घेणं होतं. आपल्याकडेही राज्य सरकारची निवास न्याहारी योजना आहेच. घरचे लोक घरात, पाहुणा त्यांच्यासोबत, घावणे-चटणी त्यांच्याच चुलीवरची. त्यावर कित्येक घरांनी पोरं शिकवली. तिला माझा विरोध कसा असेल? पण मालकच नसलेल्या घरात कसलं आदरातिथ्य? तिथे अडचण आली की निस्तरायला वाडी, आणि पैसा मात्र वाडीबाहेर.

मान्य, पडायला आलेली दोन-चार कौलारू घरं ह्यामुळे उभी राहिली, पोरांना केअरटेकरची कामं मिळाली. तेवढं मान्य.

पण देवबाग म्हणजे काय, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. इथलं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावरची साय. पंप लावून उपसलं की खालचं खारं वर येतं. बंगल्याचा पंप दिवसभर चालतो आणि काकीच्या विहिरीचं पाणी यंदा मचूळ लागलं. त्याच पाण्यात तिने त्या पोरांची पेज शिजवली!

न्यूयॉर्क शहराने २०२३ पासून नियम कडक लावलाय, तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर द्यायचं तर मालकाने तिथेच राहायचं, आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. बार्सिलोना २०२८ पर्यंत पर्यटकांना फ्लॅट भाड्याने देणं बंदच करणार आहे. आणि १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या आपल्या सिंधुदुर्गात साधा प्रश्न कोणी विचारत नाही की रात्री ह्या घरात कोण असतं? तुम्ही मित्रमंडळी याल तेव्हा बुकिंगआधी एवढं तरी विचारा. आणि माणसं राहत असतील तिथेच उतरा.

फोटो काढून टाका म्हणून मालकाला मेसेज केलाय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. मगाशी काकीला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. क्षणभर गप्प राहिली, मग विचारलं, "फोटोत तुळस हिरवी दिसता मा? तेव्हा मी चार दिवस आजारी होतंय, पाणी घालूक जमला नाय."