पाऊस कमी नाही, खडक आडवा येतो

‘पाऊस कमी म्हणून मराठवाड्यातली गावं ओस पडतात’ असं मराठवाड्यातल्या ओस पडणाऱ्या गावांवरच्या एका लेखात म्हटलं आहे; ते पटत नाही. वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात त्याहून कमी पडतो, तरी तिथे डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. खरी अडचण जमिनीखाली आहे. वरच्या मुरमात जेवढं पाणी मुरेल तेवढंच आपलं. त्याखाली बेसाल्टचा अखंड काळा खडक, आणि पाणी फक्त त्याच्या भेगांत. सहाशे फुटांवर बोअरला भेग लागते, पहिली दोन वर्षं पाणी भरपूर येतं. मग मोटर गुळण्या टाकू लागते, कारण ती भेग भरणारं मुरमातलं पाणी शेजारच्या बोअरांनी आधीच उपसलेलं असतं.

त्यात ऊस! पाटपाण्यावर एकरी 80 लाख ते 1 कोटी लिटर पाणी लागतं. तूर-सोयाबीनवाला कोरडवाहू शेतकरी या उपशात आधी मोडतो. त्याचीच पोरं मग वाळूज किंवा चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर लागतात. आणि शहर तरी कुठे सुटतं? धनेगावचं धरण आटल्यावर 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. लेखात उसाचा उल्लेखही नाही, ही मोठी उणीव आहे.