शेलॉबची सासूबाई करणारे टीव्ही

२००३ च्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’मधला शेलॉबचा, म्हणजे त्या राक्षसी कोळिणीचा, प्रसंग घरच्या नव्या टीव्हीवर लावून बघा. दुकानातून आला तसाच, सेटिंगला कुणी हात न लावलेला टीव्ही. जे आठ पायांचं धूड बघून घशाला कोरड पडायला हवी, ते संध्याकाळच्या मालिकेच्या सेटवर चुकून शिरल्यासारखं दिसतं. गुळगुळीत, चकचकीत, रबरी. आता पदर सावरून सुनेला टोमणा मारेल की काय असं वाटतं!

बरं, प्रसंग काही फुटकळ नाही. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या पुस्तकात तो दुसऱ्या खंडाच्या शेवटी येतो, दिग्दर्शक पीटर जॅक्सनने उचलून तिसऱ्या सिनेमात नेला. पुस्तकात शेलॉबच्या बोगद्यात नायक फ्रोडो आणि त्याचा नोकर सॅम दोघं असतात. सिनेमात सॅमला आधीच पिटाळलंय. त्यासाठी लेम्बासच्या, म्हणजे प्रवासातल्या शिदोरीच्या पावाच्या, चुऱ्यावरून लावलेलं भांडण पटत नाही ते नाहीच, पण फ्रोडो एकटा पडल्यावर बोगदा दुप्पट खायला उठतो हे मान्य करावं लागतं. खरी करामत पुढे आहे. शेलॉब फ्रोडोला गाठते तो क्षण पुस्तकात दिसतच नाही. सॅम त्यांच्या दगाबाज वाटाड्याशी, गॉलमशी, झटापट करत असतो, तो परत येतो तेव्हा मालक जाळ्यात गुंडाळलेला. जॅक्सनने तो क्षण दाखवायचं ठरवलं, आणि काय दाखवला! बोगदा संपलाय, मोकळी हवा आहे, बघणाऱ्याने श्वास सोडलाय. संगीत बंद. फ्रोडोच्या मागे, डोक्यावरच्या खडकावरून, ती एकेक पाय अलगद टेकवत येते. त्याला पत्ता नाही. मग नांगी. (खऱ्या कोळ्याला नांगी नसते, विष दातांतून येतं. असू दे, तिथे प्राणिशास्त्र कुणाला आठवतंय?)

या शांततेची आणि अंधाराची टीव्ही पद्धतशीर वाट लावतो.

पहिला गुन्हेगार मोशन स्मूदिंग. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा. ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा टीव्ही ही सोय चालू असली की दर सेकंदाला ३६ फ्रेम पदरचे घालतो, १२० हर्ट्झचा ९६. हे फ्रेम कुणी चित्रित केलेले नाहीत. शेजारच्या दोन फ्रेमवरून अंदाज बांधून रचलेले. एक माणूस सरळ चालत असेल तर अंदाज खपून जातो. काळ्या खडकासमोर आठ काळे पाय, प्रत्येकाची चाल वेगळी, तिथे त्या गणिताची गाळण उडते. पायाच्या कडेला पाणी हलल्यासारखं दिसतं, टोकं फाटतात. चालीतला जडपणा जातो आणि कित्येक टनांचं जनावर किल्लीच्या खेळण्यासारखं तुरुतुरु पळतं. जॅक्सनने स्वतः २०१२ मध्ये ‘द हॉबिट’चा पहिला भाग ४८ फ्रेमवर काढला, तेव्हा सगळं खोटं खोटं दिसतं म्हणून लोकांनी त्याची सालटी काढली होती. त्याने निदान ४८ च्या ४८ कॅमेऱ्याने टिपले होते!

आणि ही सोय बंद करायची तर नाव सरळ ठेवतील तर शपथ. सॅमसंगमध्ये ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’. क्लॅरिटी म्हणे! दिसेल तिथे बंद करा. टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा, मोशन आणि बाकीची बरीच लुडबुड एकदम बंद होते. नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. ‘व्हिव्हिड’ हा मोड दुकानातल्या झगझगाटात शेजारच्या टीव्हीवर कुरघोडी करायला असतो, घरात त्याचं काही काम नाही.

मग डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, म्हणजे दृश्य बघून उजेड आपोआप कमीजास्त करायची सोय. फ्रोडो बोगद्यात एल्फ राणी गॅलाड्रिएलने दिलेली उजेडाची कुपी वर धरतो, प्रकाश पसरतो, आणि टीव्हीला वाटतं आता दिवस उजाडला. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, वर. कुपी झाकली, बॅकलाइट खाली. अख्खा बोगदा श्वास घेतल्यासारखा फुगतो-आक्रसतो. त्यात घरातलं कुणीतरी ‘काही दिसत नाही’ म्हणून ब्राइटनेस वाढवतं. अहो, ब्राइटनेस बऱ्याच टीव्हींवर काळ्याची पातळी हलवतो! तो वाढवला की काळ्याची राख होते. उजेड कमी वाटत असेल तर बॅकलाइट वाढवा, ब्राइटनेस मूळ आकड्यावर राहू द्या. त्याआधी डोक्यावरची ट्यूबलाइट घालवा, स्क्रीनमध्ये शेलॉबऐवजी आपलाच सोफा दिसतोय.

काळ्या पट्ट्या नकोत म्हणून झूम करणाऱ्यांना तर दंडच हवा. उंचीच्या २.३९ पट रुंद चौकट १.७८ पट रुंद पडद्यावर ठासून भरली की दोन्ही बाजू मिळून चौथा हिस्सा चित्र गुल, आणि आधी कापले जातात ते कडेला पसरलेले पाय.

आवाजातही तेच. ‘ऑटो व्हॉल्यूम’ आणि ‘नाइट मोड’ हळू आवाज मोठा करतात, मोठा हळू करतात. संगीत थांबल्यावर उरलेला बारीक वारा मग पंख्यासारखा घोंघावतो आणि शांतता म्हणून जी होती ती संपते. दोन्ही बंद करा.

हे सगळं निस्तरून बसलात, तरी सुटका नाही. बऱ्याच टीव्हींमध्ये सेटिंग प्रत्येक इनपुटचं वेगळं, एसडीआरचं (साध्या चित्राचं) वेगळं, एचडीआरचं (उजेड-अंधाराचा पल्ला मोठा असलेल्या चित्राचं) वेगळं, डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच प्रकाराचं आणखी वेगळं. एचडीएमआय एकवर सगळं बंद केलं, तोच सिनेमा टीव्हीतल्या ॲपवर एचडीआरमध्ये लावला, की सासूबाई पुन्हा तुरुतुरु हजर.