आमच्या वलांडीसमोरचे पाहुणे आणि मिनिकॉयची पाहुणी

मंडळी, पोस्ट लांब आहे. फोटो मोजकेच आहेत, त्याचं कारण पुढे येईलच.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. रविवार सकाळ, वरळी कोळीवाडा. सासूबाई दारात बसून बोंबलाच्या जोड्या लावत होत्या. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या मांडवावर टाकायची. पन्नास वर्षं हेच केल्यामुळे त्यांना खाली बघावंही लागत नाही. तेवढ्यात गल्लीतून पंधरा-वीस जण आले. कापडी पिशव्या, टोप्या, पुढे इंग्रजीत माहिती सांगणारा मुलगा. हल्ली असे घोळके बरेच येतात. आधी किल्ला, मग गोल्फादेवी, मग आम्ही. एक मुलगी सासूबाईंसमोर उकिडवी बसून व्हिडिओ काढायला लागली. तिच्या मागच्यानं नाकाला रुमाल लावलेला. सासूबाईंनी काही न बोलता पाट फिरवला आणि त्यांच्याकडे पाठ करून बसल्या. घोळका गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "सांगितला असता त नवा लुगरा नेसली असती ना गो."

मला वाटलं होतं त्या चिडल्या असतील. त्यांची हरकत फोटोला नव्हती. न सांगता आल्याला होती.

त्यानंतर महिन्याभरात आम्ही लक्षद्वीपला गेलो. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधानांचे तिथले फोटो आले आणि मुंबईतल्या निम्म्या लोकांना ही बेटं सापडली, त्यात माझा नवराही होता. आमची जहाजाची टूर होती. कोचीहून निघायचं, रात्री जहाजावर झोपायचं आणि दिवसा एकेका बेटावर उतरायचं. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय. पहिल्या दोघांबद्दल इथे लिहीत नाही. पाणी निळं होतं आणि कल्पेनीला नवऱ्यानं पाठ भाजून घेतली, एवढं पुरे.

जायच्या आधी परवानगीचं प्रकरण असतं. लक्षद्वीपला बाहेरच्या माणसाला, भारतीय असला तरी, परवान्याशिवाय उतरता येत नाही. 1967 चे नियमच आहेत तसे. फॉर्म, फोटो, ओळखपत्र, कोण, कुठले, किती दिवस. आमच्या ग्रुपमध्ये पुण्याचे एक काका होते. ते कोचीच्या धक्क्यापासून तेच म्हणत होते, "आपल्याच देशात परवानगी कसली मागायची?" मान डोलावणारे पुष्कळ होते. मीही डोलावली असती, पण मला सासूबाईंची पाठ आठवली. तेव्हाच वाटलं, जगात एक तरी मच्छीमारांचं गाव आहे जिथे घोळक्याला आधी कळवावं लागतं.

मिनिकॉय म्हणजे अगदी खालचं टोक. कोचीपासून साधारण 400 किलोमीटर. लक्षद्वीपची बाकीची बेटं वरच्या बाजूला, मध्ये नाइन डिग्री चॅनल नावाचा समुद्राचा पट्टा, आणि हे एकटंच खाली मालदीवच्या शेजारी. भाषाही वेगळी. वरच्या बेटांवर मल्याळमसारखी बोली, इथे महल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीचीच बोली. ती उजवीकडून डावीकडे लिहितात. जहाजातून लहान बोटीत उतरलो. माझ्या मागच्या बाईंनी "देवा रे" म्हणत माझा दंड असा धरला की संध्याकाळपर्यंत वळ होता.

आधी किनारा. खोटं कशाला बोलू, असं पाणी मी पाहिलं नव्हतं. कमरेएवढ्या पाण्यात स्वतःच्या पायाची बोटं मोजता येतात. आमच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात स्वतःची कंबर दिसत नाही. पण गंमत सांगते, मला पोहता येत नाही. ग्रुपमधल्या सगळ्यांना धक्का बसला. "तुम्ही कोळी ना?" आमच्याकडे बायका मजेसाठी पाण्यात शिरत नाहीत हो. समुद्र ही पुरुषांची कामाची जागा आणि धक्का ही बायकांची. बँकेतला कारकून सुट्टीत बँकेत जाऊन बसतो का? तरी लाइफ जॅकेट घालून तरंगले. डोळ्यांवर काच लावून खाली पाहिलं तर निळे-पिवळे मासे आणि त्यांच्यामध्ये मेलेल्या प्रवाळाचे करडे ढिगारे. बोटवाला म्हणाला, पाणी तापलं की असं होतं. 1998, 2010 आणि 2016 मध्ये इथला प्रवाळ पांढरा पडला होता. पुण्याच्या काकांनी आठवण म्हणून एक तुकडा खिशात घालायला घेतला. बोटवाल्यानं हसतहसत हात पुढे केला आणि तो परत घेतला. प्रवाळ नेणं गुन्हा आहे. काका तिथेही म्हणालेच, "इथे चार चांगली रिसॉर्ट झाली ना, तर गोवा विसरतील लोक." गोव्याचं काय झालं ते त्यांना दाखवायला पाहिजे होतं. मी काही बोलले नाही, जेवायची वेळ झाली होती.

1885 सालचं दीपगृह आहे, तेही चढलो. वरून एका बाजूला फिकट हिरवं लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतलं उथळ पाणी, दुसऱ्या बाजूला काळा समुद्र आणि मध्ये नारळाची चिंचोळी पट्टी. एवढंच ते बेट.

मग गावात फेरी. माझं खरं लक्ष तिथेच होतं.

त्यांनी आम्हाला थेट गल्लीत सोडलं नाही. आधी गावाच्या सामायिक घरात नेलं. प्रत्येक गावाचं असं एक घर असतं. लांब टेबलं, बाक, भिंतीला शर्यतीच्या होडीची वल्ही. त्या होडीला जहाधोनी म्हणतात (धोनी म्हणजे इथे होडी, नवऱ्याचे विनोद दिवसभर चालू होते). गावाचा एक प्रमुख असतो आणि बायकांची प्रमुख वेगळी असते. बसा म्हणाले, शहाळं दिलं, गावाबद्दल थोडं सांगितलं, मग म्हणाले, आता चला. म्हणजे आम्ही आधी पाहुणे झालो आणि मग फिरलो. क्रम एवढाच बदलला होता, पण मगाशी मोठ्यानं बोलणारी माणसंसुद्धा गल्लीत हळू बोलायला लागली.

गल्ल्या झाडून लख्ख. रस्त्यावर बायकाच जास्त. पुष्कळ घरांतले पुरुष बोटीवर, नाहीतर मोठ्या जहाजांवर खलाशी. घर बाईचं असतं आणि लग्न झालं की नवरा तिच्या घरी येतो. हे ऐकून आमच्या ग्रुपमधल्या बायकांनी एकमेकींकडे जे पाहिलं, त्याचा फोटो काढायला हवा होता.

एका अंगणात एक म्हातारी बाई मासे वाळत घालत होती. लांब झगा, डोक्याला रुमाल. चटईवर काळपट, लाकडाच्या ढलप्यांसारखे तुकडे. मी पर्समधून फोन काढला, वर उचलला, आणि तिनं हातातलं काम न थांबवता पाठ फिरवली.

तीच पाठ. डिसेंबरातली.

मला असं शरमल्यासारखं झालं की काय सांगू. आम्हाला बघायला येणाऱ्यांना मी इतकी वर्षं नावं ठेवली, आणि चारच तासांत मीही उकिडवी बसायच्या बेतात होते. शहाळं पिऊन, परवाना घेऊन, तरी. परवाना बेटावर उतरायचा असतो, तिच्या अंगणात शिरायचा नसतो, हे तेव्हा कळलं.

फोन आत टाकला आणि कडेला बसले. थोड्या वेळानं ती वळली. माझं हिंदी तिला कळेना, तिचं महल मला. मग मला सुचलं. फोन पुन्हा काढला आणि तिला आमचे फोटो दाखवले. वलांडी, त्यावर ओळीनं लटकलेले बोंबील, सासूबाई. तिनं फोन माझ्या हातातून घेतला, बोटांनी फोटो मोठा केला, बोंबलाचं तोंड पाहून हसायला लागली आणि शेजारणीला हाक मारली. ती आली, तिची सून आली. तिघी आमचा कोळीवाडा बघत होत्या आणि मी उभी. सासूबाईंच्या नाकातल्या चमकीवर तर त्यांची बराच वेळ चर्चा झाली. सुनेला हिंदी येत होतं. तिनं विचारलं, "ये मच्छी दो-दो क्यों लटकाते?" मी रुमालाची दोन टोकं एकमेकांत अडकवून दाखवलं. मग तिनं त्यांचं सांगितलं.

तो मासा म्हणजे कुपा, टूना. आपल्याकडे मंडईत त्याला कोणी फारसं विचारत नाही, तिथे सगळं बेट त्याच्यावर चालतं. कापून मिठाच्या पाण्यात उकडायचा, धुरावर धरायचा, मग कडक उन्हात वाळवायचा. पार लाकूड होतो. पण मला खरं ऐकायचं होतं ते पकडण्याबद्दल. धक्क्यावर एक बोटवाले काका भेटले. ते तरुणपणी जहाजावर होते, भाऊचा धक्का त्यांना माझ्याइतकाच माहीत होता. त्यांनी समजावून सांगितलं. आधी लगूनमधून बारीक मासळी जिवंत पकडून बोटीतल्या पाण्यात ठेवायची. खोल समुद्रात कुप्याचा थवा दिसला की ती बारीक मासळी पाण्यात फेकायची, वरून पाण्याचे फवारे मारायचे म्हणजे माशाला वाटतं मोठा थवा आहे. मग मागच्या बाजूला ओळीनं उभे राहून काठीला लावलेला गळ टाकायचा. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे मासा झटक्यात सुटून बोटीत पडतो. एका गळाला एक मासा. जाळं नाही, पिल्लं नाहीत, आणि कासवं तर नाहीतच.

मी त्यांना आमच्याकडचं सांगितलं. पर्ससीन, म्हणजे थव्याभोवती गोल टाकून खालून आवळायचं मोठं जाळं, आणि रात्री एलईडीचे झोत टाकून अख्खा थवा उपसून नेणं. राज्यानं 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्रानं 2017 मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली, तरी नाखव्यांच्या गप्पा अजून त्याच. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "लगून गया तो छोटी मच्छी गया. छोटी मच्छी गया तो हम गया." रिसॉर्टवाल्या काकांना हे ऐकवायला मी मागे पाहिलं, तर ते शहाळ्यासोबत सेल्फी घेत होते.

आता माझं मत. परवाना त्रासदायक असतो, मान्य. त्यात सरकारी कारभार असतो, तोही मान्य. पण "आपल्याच देशात परवानगी कसली" या वाक्यावर मला आता राग येतो. वरळीही बेटच होतं. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्ड नावाचा बांध घालून आम्हाला मुंबईला जोडलं. तेव्हापासून आमच्याकडे कोणी विचारून येत नाही. रस्ता येतो, पूल येतो, घोळका येतो. कोस्टल रोडच्या खांबांमधून बोटी नीट जाव्यात म्हणून आमच्या माणसांना किती झगडावं लागलं ते वरळीला विचारा. दोन खांबांमधल्या अंतराचे 60 मीटरचे 120 मीटर व्हायला 2022 चा डिसेंबर उजाडला. मिनिकॉयच्या माणसाला निदान एक दार आहे, जे तो बंद करू शकतो. म्हणून ते दार काढून टाका म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

आणि घोळक्यांच्या विरोधातही नाही मी. या की. परत आल्यावर मी आमच्याकडे फेऱ्या आणणाऱ्या एकाला फोन केला. म्हटलं, आदल्या दिवशी सांगत जा, दहा मिनिटं बसवू, चहा देऊ, सुकट विकत घेतलीत तर अजून बरं. तो "नक्की, नक्की" म्हणाला. दोन रविवार झाले, अजून फोन नाही.

येताना त्या सुनेकडून माशाच्या त्या ढलप्या विकत आणल्या होत्या. सासूबाईंनी एक हातात घेतली, वाजवून पाहिली, दातांनी चावायचा प्रयत्न केला आणि शेवटी सुपारीचा अडकित्ता घेऊन बसल्या. कातरून ओलं खोबरं, मिरची, कांदा घालून चटणी केली, भाकरीबरोबर खाल्ली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ही मोठी पावती.

"नाव काय म्हनतात याला?"

"मास."

"मासा."

"नाही हो, मास. त्यांच्या भाषेत माशाला मास म्हणतात."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "आपलाच शब्द हाय. काना तेवढा खाल्ला त्यांनी."