खारपाणपट्ट्यातून समुद्रापर्यंत, एकटी, सायकलवर

कोकण किनाऱ्यानं मांडव्यापासून शिरोड्यापर्यंत 9 दिवसांत साधारण 540 किलोमीटर सायकल चालवून मागच्या आठवड्यात घरी आले आणि तेव्हापासून गावात एकच प्रश्न सुरू आहे, "सोबत कोन होतं वं?" फोटो पाहतात, जंजिरा पाहतात, वा वा म्हणतात आणि फोन परत देताना पुन्हा तेच. कोणीच नव्हतं. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी संग्रामपूर तालुक्यातली, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातला खारपाणपट्टा. आमच्या विहिरीचं, हातपंपाचं पाणी खारट. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि किडनीचे पेशंट किती घरांत आहेत ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. माझी आजी म्हणायची, आपल्या वावराखाली समुद्र हाये. लहानपणी मला ते खरंच वाटायचं, त्यामुळे खरा समुद्र पाहायचं वेड तेव्हापासूनचं.

सायकल मला नववीत मिळाली, सरकारच्या मानव विकास योजनेची. आमच्याकडे आठवी ते बारावीच्या पोरींना मिळते ती, शाळा दूर म्हणून. रोज जाऊन येऊन 8 किलोमीटर व्हायचे. बारावी झाली आणि सायकल गोठ्यात गेली, माझीच नाही, माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरींची. बारावीपर्यंत सायकल चालवणारी पोरगी गुणाची, आणि त्यानंतर चालवली की लोक विचारतात, "काऊन वं, गाडी नाही काय घरी?" हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर अजिबात पटत नाही. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा पैसे साठवून मी जुनी गिअरची सायकल घेतली, ती हीच.

शेगावहून रेल्वेत सायकल पार्सल डब्यात टाकली, मुंबईला उतरले, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं मांडवा. तिथून पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. ज्यांना जायचं असेल त्यांनी उत्तरेकडून दक्षिणेकडे जा, उलटं नको, कारण दुपारी वारा समुद्रावरून वायव्येकडून सुटतो आणि तो पाठीवर पाहिजे, छातीवर नको. आणि सपाट रस्त्याची आशा ठेवू नका. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट असं मला वाटलं होतं पण कोकणात प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. बागमांडल्याहून फेरीबोटीनं वेश्वीला उतरले तर पुढे चढच चढ, शेवटी उतरून सायकल ढकलली. त्याची लाज वाटत नाही, ढकललेले किलोमीटर पण माझेच आहेत. वर सड्यावर आलं की नुसता काळा पडलेला जांभा दगड, सावली नाही, फेब्रुवारीतच डोकं तापतं, आणि लगेच खाली उतरलं की आंब्याचा मोहोर आणि पोफळीची गार सावली.

ऊन आपल्याला नवं नाही, 45 डिग्रीत तुरीच्या फणकट्या वेचलेल्या पोरी आपण. पण तिथला घाम वाळतच नाही. दुसऱ्या दिवशी दिघीच्या पुढे पोटऱ्यांत गोळे आले, रस्त्याच्या कडेला बसून राहिले. एका टपरीवरच्या काकूंनी कोकम सरबत दिलं, त्यात चांगलं चिमूटभर मीठ टाकून, आणि म्हणाल्या बाटलीत पण टाकून ठेव. जन्मभर मिठाच्या पाण्यापासून लांब पळालेली मी, तिथून पुढे रोज सकाळी बाटलीत मीठ घालायला लागले.

दिवेआगर ते श्रीवर्धन, शेखाडीवरून जो रस्ता जातो ना, त्याच्याइतका सुंदर रस्ता मी पाहिलेला नाही. लाटा अगदी रस्त्याला लागून. पण मला रडू आलं ते तिथे नाही, दिवेआगरला आलं. जिथे मुक्काम होता त्या घराच्या वाडीत विहीर होती, समुद्र एवढा जवळ की लाटांचा आवाज येतोय, आणि त्या विहिरीचं पाणी गोड. मी दोनदा चव घेतली. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, म्हणून बेताबेतानं उपसलं तर गोड मिळतं असं घरच्या आजोबांनी समजावलं. समुद्राशेजारी गोड, आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर आमच्या गावात खारट! माझ्या मायनं डोक्यावर किती हंडे वाहिले ते आठवलं आणि पाणी हातातच राहिलं.

पुढे केळशी, आंजर्ले, हर्णे, दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट, गुहागर, मग तवसाळहून जयगड. या खाड्यांवर मोठे पूल होणार आहेत. व्हावेत, तिथल्या लोकांच्या दवाखान्याचा प्रश्न आहे. फक्त फेरीबोटी बंद करू नका एवढंच वाटतं, कारण गावच्या लोकांशी माझ्या निम्म्या गप्पा त्या बोटीतच झाल्या, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायकांशी. त्यांनी पण विचारलं एकटीच का, पण विचारून झालं की लगेच पुढचं, जेवलीस का.

वाईट अनुभव नाही का आला, आला. एका गावात रात्री 7 वाजता लॉजवाल्यानं सांगितलं एकट्या बाईला खोली देत नाही. आधारकार्ड दाखवलं, तरी नाही. अंधारात 4 किलोमीटर पुढे जाऊन एका खानावळवाल्या ताईंकडे राहिले. पुरुष असता तर हा प्रश्नच आला नसता, आणि याची चीड अजून गेलेली नाही. पंक्चर दोनदा झालं, त्याचं काही वाटलं नाही, बाभळीच्या काट्यांच्या गावात वाढलेल्या माणसाचा पंक्चर काढण्यात हात बसलेलाच असतो.

नवव्या दिवशी शिरोडा. 1930 ला इथे मिठाचा सत्याग्रह झाला. आणि त्याच वर्षी आपल्या अकोला जिल्ह्यात दहीहांड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी कायदा मोडला होता. समुद्र नव्हता म्हणून आपली माणसं गप्प बसली नाहीत. शिरोड्याला सायकल उभी करून मी बराच वेळ याच गोष्टीचा विचार करत बसले. तिथे एक आजी म्हणाली, "खंयसून इलंस गो?" बुलढाणा म्हटलं तर तिला कळेना, शेगाव म्हटलं तर लगेच हात जोडले.

शेगावचं नाव निघालंच आहे तर माझा खरा मुद्दा. दरवर्षी शेगावची पालखी पंढरपूरला जाते, महिनाभर पायी. आपल्याच गावातल्या बाया वारीला घरदार सोडून चालतात, कुठेही झोपतात, आणि आपण त्यांच्या पाया पडतो. बाईनं घराबाहेर पडून शेकडो किलोमीटर जाणं आपल्याला काही नवीन नाही मग. तीच बाई सायकलवर बसली, डोक्यावर तुळस नाही, सोबत दिंडी नाही, की लगेच मायबापाला विचारतात, "कायले पाठवता येकटीले?" माझ्या बाबांना चार जणांनी विचारलं. बाबा म्हणाले, तिनं विचारलं नाही, सांगितलं. मला हे शेजारच्या काकांकडून कळलं.

बारावी झाली म्हणून पोरीची सायकल गोठ्यात टाकू नका, भंगारात विकू नका. माझ्या भाचीची तशीच पडली होती, काल तिला दोन्ही ट्यूब नव्या टाकल्या, चेनला तेल दिलं, ब्रेक बदलले, सगळे मिळून 600 रुपयांच्या आत. बोर्डाची परीक्षा संपली की पहिल्या रविवारी सकाळी 6 वाजता आम्ही दोघी पूर्णेच्या पुलापर्यंत जाणार आहोत. ज्या पोरींना यायचंय त्यांनी मारुतीच्या पारावर या, हवा भरायचा पंप माझ्याकडे आहे, पाण्याची बाटली आपापली आणा.