डोळ्यातली बाहुली बारीक म्हणजे तब्येत ठणठणीत? हे कोणी ठरवलं?

ऐन फवारणीच्या दिवसांत हा मेसेज घाटंजीकडच्या आमच्या मामांपर्यंत पोचला. त्यांचा फोन आला, "काहून रे, पोतं उचललं का डोये कमजोर होतेत?" मेसेज असा: अंगमेहनतीनं डोळ्यातली बाहुली मोठी होते, म्हणजे नसा ढिल्या पडतात. हळूहळू नजर जाते. रोज डोळ्यात लिंबाचा थेंब टाका. आणि कामानंतर बाहुली बारीक दिसली तर तब्येत उत्तम.

जोर लावला की बाहुली मोठी होते, एवढं खरं. झेनॉन नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लोकांना मुठीनं कमी-जास्त जोर लावायला सांगून बाहुली मोजली. जोर जास्त, तशी बाहुली मोठी. ज्याला काम जड वाटलं त्याचीही जास्त मोठी. पण यात ढिलं काय पडलं? उलट अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे जोराच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या नसा, जागी होते. मेंदूचा निरोप पाठीच्या वरच्या मणक्यांतल्या मज्जारज्जूतून मानेमार्गे डोळ्यात जातो आणि बाहुली ताणणारा स्नायू आखडतो. जोर सोडला की बाहुली पूर्ववत.

नजर जात नाही. फक्त काचबिंदू असलेल्यांनी श्वास कोंडून भारी वजन उचलण्याआधी डॉक्टरला विचारावं, कारण तेवढ्यापुरता डोळ्यातला दाब वाढतो. त्याचा बाहुलीशी संबंध नाही. लिंबाबद्दल काय बोलायचं? आम्ल आहे ते, डोळ्यात टाकू नका.

डोकं फिरलं ते शेवटच्या वाक्यानं. पराटीवर (कपाशीवर) फवारा मारून आलेल्या माणसाची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, तर ती ऑरगॅनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकाच्या विषबाधेची खूण असू शकते. नसांचा निरोप पुढे नेणारं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन शरीरात असतं; ते मोडणारं विकर (एन्झाइम) हे विष अडवतं. मग बाहुली आकसते, लाळ-घाम सुटतो, उलट्या होतात, छाती भरून येते. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त माणसं गेली, आणि इथे कोणी लिहितो, तब्येत उत्तम! अशा माणसाला झोपवून ठेवू नका. विषाचे कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि फवारलेल्या औषधाची बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. तिथे ॲट्रोपीन हा त्यावरचा उतारा मिळतो. बाहुली बारीक नसली तरी बाकीची लक्षणं असतील तर तेच करा. सगळ्याच विषांत ती बारीक होत नाही.

मामांना म्हटलं, पोती उचला, पण फवाऱ्याला मास्क-हातमोजे लावल्याशिवाय हात लावू नका. आणि तो मेसेज ज्यानं पाठवला त्याला हा पाठवा.