मालगाडी रोखायचीय? आधी हार-नारळ मागवा

तुमच्या घरामागच्या रुळांवर मालगाड्या वाढल्यात. रात्री अडीचला मालधक्क्याला रेक (म्हणजे मालगाडीच्या डब्यांची अख्खी रांग) लागतो, शंटिंगचे, म्हणजे डबे पुढं-मागं ढकलून जोडण्या-तोडण्याचे दणके बसतात, कपाटातल्या ताटल्या थरथरतात आणि सकाळी दारातल्या गाडीवर सिमेंटची पिठी पसरलेली असते. आता काहीतरी केलंच पाहिजे असं तुम्हाला वाटायला लागलंय. छान. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलनीत गेल्या रविवारी ह्याच कामासाठी बैठक झाली. तिथनं जे ज्ञान मिळालं ते फुकट वाटतोय, घ्या.

सुरुवात नावापासून करा. समिती 'कृती' की 'संघर्ष', 'सर्वपक्षीय' की 'बिगरपक्षीय', ह्यावर निवांत चर्चा होऊ द्या. आमच्याकडं ह्यात पहिला चहा संपला. मग पदं. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, निमंत्रक, मुख्य निमंत्रक, प्रसिद्धिप्रमुख, मार्गदर्शक, ज्येष्ठ मार्गदर्शक. बैठकीला जेवढी डोकी तेवढी पदं निघाली पाहिजेत. एकही साधा सभासद शिल्लक राहता कामा नये, नाहीतर काम त्याच्या गळ्यात पडतं. निवड जाहीर झाली की हार घाला, नारळ द्या. फ्लेक्सचं माप तिथंच ठरवा. आमचा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी लागलासुद्धा. त्यावर सगळे आहेत, मालगाडी तेवढी नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप काढा, पण त्यावर मालगाडीचा आवाज रेकॉर्ड करून टाकू नका. लोकांची झोपमोड होते.

निवेदन द्यायचं ते ज्याच्याबरोबर फोटो चांगला येतो त्याला. कोल्हापूर-मिरज मार्ग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतो, विभागीय व्यवस्थापक पुण्यात बसतात, म्हणजे आपल्या गाड्यांचं जे काय ठरतं ते तिकडं. म्हणूनच तिकडं जायचं नाही. शिवाय हायवेनं पुण्याला जायचं म्हणजे... असो, ते तुम्हाला काय सांगायचं. इथल्या इथं एखादं मोठं ऑफिस गाठा, ज्याचा रेल्वेशी काडीचा संबंध नसेल. तिथले साहेब निवेदन हसून घेतात, 'वरती कळवतो' म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आपण दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथे असतो.

मागणी एकच ठेवा, 'मालगाडी बंद करा'. तिच्यात काय येतं-जातं ह्या खोलात शिरू नका. एका रेकला बंद डब्यांच्या बेचाळीस वाघिणी, म्हणजे साधारण अडीच हजार टन माल. तोच माल रस्त्यानं आणायचा तर शंभरावर ट्रक लागतील आणि ते सगळे मार्केट यार्डाच्याच रस्त्यानं येतील. पण हे बैठकीत बोलू नका, बेत बिघडतो. आतल्या पोत्यांतलं खत आपल्याच गावाकडच्या उसाला जातं आणि बाहेर जाणारी साखर त्याच उसाची असते, हे तर अजिबातच काढू नका. आमच्या कार्याध्यक्षांचा सख्खा भाऊ खतविक्रेता आहे.

आणि हो, वैभववाडीचा मार्ग झालाच पाहिजे, ही मागणी सोडायची नाही. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात कोल्हापूर-वैभववाडी मार्गाची घोषणा झाली तेव्हा आपण पेढे वाटले होते. कोकणातल्या बंदरांचा माल घाट चढवून देशावर आणायचा, हा त्या मार्गाचा एक मोठा हेतू. म्हणजे आज जी गाडी इथं येऊन संपते, ती उद्या इथनं पुढं जाणार, आणि एकटी जाणार नाही. तेव्हा 'वैभववाडी झालीच पाहिजे' आणि 'मालगाडी बंद झालीच पाहिजे' अशी दोन्ही पत्रकं एकाच लेटरहेडवर काढा. छपाईत बचत होते.

कुणी म्हणेल, रूळ आधी की तुमचा फ्लॅट आधी? रूळ १८९१ चे. आपल्या कॉलनीचे प्लॉट पडले ते कितीतरी नंतर, आणि बिल्डरच्या जाहिरातीत 'रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर' हे आपणच कौतुकानं वाचलं होतं. अशा माणसाला ज्येष्ठ मार्गदर्शक करून गप्प बसवा.

निवासी भागात रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज नको, हा २००० सालचा नियम निवेदनात ठळक टाका. आपल्या मंडळाच्या डॉल्बीच्या वेळी तो कागद कपाटात ठेवायचा.

रेल रोको करणार असाल तर दिवसा करा, पॅसेंजर अडवा. मालगाडी रात्री अडीचला येते, तेव्हा फोटोग्राफर झोपलेला असतो. रेल्वे कायद्याच्या १७४ कलमाखाली दोन वर्षं आत जाता येतं, म्हणून पुढं बसायला कॉलेजची पोरं शोधा.

फारच घाई असेल तर पंचगंगेला साकडं घाला. २०१९ च्या महापुरात गाड्या आपोआप बंद पडल्या होत्या. निम्मं गाव पाण्यात होतं, हा भाग वेगळा.

रेक रात्रीच का लागतो, हे मात्र कुणालाही विचारू नका. मिरजेपर्यंत मार्ग एकेरी. दिवसा पॅसेंजर आणि एक्सप्रेस गाड्यांना वाट द्यायची म्हटल्यावर मालगाडी कुठंतरी थांबते आणि रात्रीची फट मिळेल तशी पुढं सरकते. रेक लागला की ठरलेल्या तासांत रिकामा करावा लागतो, नाहीतर व्यापाऱ्याला डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड बसतो. म्हणून दिवे लावून रात्रभर पोती उतरतात. हे कळलं तर शिव्या कुणाला द्यायच्या, हा प्रश्न पडेल. त्यापेक्षा हमालांना द्या. ते खाली उभे असतात, आपण गॅलरीत.

आता शिट्टी. तक्रारींमधली अव्वल तक्रार. 'मालगाडीवाला मुद्दाम शिट्टी मारतो हो, रात्रीची, लांबलचक!' मुद्दामच मारतो. का मारतो ते सांगू? देवळामागं रुळाच्या भिंतीला भगदाड आहे. ते भूकंपानं पडलेलं नाही. ते आपण पाडलंय. आधी दोन विटा निघाल्या, मग माणूस वाकून जाईल एवढं झालं, आता तिथनं मोपेड ढकलून नेतात. मार्केटला जायला शॉर्टकट. सकाळी फिरायला जाणारे तिथनं, दूध आणायला जाणारे तिथनं, कचरा टाकायला तिथनंच, आणि संध्याकाळी पोरं रुळावर बसून रील काढतात. रात्रीचं काय, ते इथं लिहीत नाही, बाटल्या सकाळी दिसतातच. लोको पायलटला, म्हणजे इंजिनचालकाला, रुळावर माणूस दिसला किंवा दिसेल असं वाटलं, तर त्यानं शिट्टी द्यायची नाही तर काय करायचं? भरलेली मालगाडी ब्रेक दाबल्या दाबल्या थांबत नाही बाबांनो! ती थांबेपर्यंत पुढच्याचं काय झालेलं असेल, ह्याचा विचार तो माणूस रोज रात्री करतो आणि म्हणून शिट्टी देतो.

रविवारी मी हेच बोललो. म्हटलं, पहिलं काम भिंत बांधून घ्यायचं. मुख्य निमंत्रक उसळलेच. 'मग आम्ही मार्केटला कुठनं जायचं? वळसा घालून?' म्हटलं, दादा, भिंतीबरोबर भुयारी मार्ग मागूया की, नाहीतर पादचारी पूल. 'भुयारी नको, परीख पुलाखाली साचतं तसं पाणी साचंल.' मग पूल? 'आईला जिने चढवत नाहीत.' मग रुळावरनं कशा चढतात आई? ह्यावर कुणीतरी 'विषय भरकटतोय' म्हणालं आणि सगळे फ्लेक्सच्या फोटोंकडं वळले. म्हणजे भगदाडही राहिलं पाहिजे, शिट्टीही बंद झाली पाहिजे आणि उद्या कुणी गाडीखाली आलं की पहिला दगड इंजिनवर मारायला आपण तयार. रुळावर बेकायदा वावरलं तर सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड आहे. तो लावायला लागले तर आपली अख्खी समिती आत बसेल, ज्येष्ठ मार्गदर्शकांसकट.

पुरे झाले सल्ले. आता सरळ बोलतो.

रविवारी मी एक वही नेली होती. दर घरानं एक रात्र वाटून घ्यायची आणि रेक कधी लागला, कधी सुटला, शंटिंग किती वेळ चाललं, ट्रकवर ताडपत्री होती की नाही, एवढंच लिहायचं. महिनाभराची नोंद हातात आली तर कुठलाही साहेब 'वाढल्यात म्हणजे किती?' विचारून आपल्याला वाटेला लावू शकणार नाही. हात वर करा म्हटलं. हात वर झाला तळमजल्यावरच्या काकूंचा, ज्यांना संधिवातानं तशीही झोप नसते. बाकी अध्यक्षांपासून प्रसिद्धिप्रमुखांपर्यंत सगळे मोबाइलमध्ये. दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दर महिन्याला किती रेक हाताळले, कधी लागले, रिकामे कधी झाले, हे विचारता येतं. कुणी विचारलं? कुठल्या प्रकल्पाला आधी पर्यावरण परवानगी लागते, त्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीत. म्हणजे वैभववाडीसाठी काय किंवा आणखी कशासाठी काय, त्या वाटेनं जनसुनावणी घेऊन कुणी तुमच्या दारात येणार नाही. तुम्हालाच जावं लागणार. कुणाला माहीत होतं? विचारायला गेलो तर 'तुम्हीच बघा की सर, तुम्हाला कळतंय' म्हणून मोकळे!

ह्याच गावानं शहरातल्या रस्त्यांवरचा टोल घालवला. एन. डी. पाटील ऐंशीच्या पुढच्या वयात रस्त्यावर होते, गोविंद पानसरे होते, बायाबापड्या लेकरं घेऊन उतरल्या होत्या. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी वकिलांनी कैक वर्षं नेट लावला, तेव्हा कुठं ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं. त्यातलं काहीही फ्लेक्सनं झालेलं नाही. आणि आपण, ज्यांची स्वतःची झोप उडालीय, ज्यांची पोरं सिमेंटच्या धुळीत खोकतात, त्यांना एक रात्र जागून वहीत चार ओळी लिहायच्या जिवावर येतात! 'जगात भारी कोल्हापुरी' म्हणायचं आणि रुळाच्या भिंतीची दोन फूट वीट लावून घ्यायची ताकद नाही. लाज वाटू द्या जरा.

मालगाडी बंद होणार नाही आणि व्हायलाही नको. मध्यरात्रीचं शंटिंग टाळता येतं. धूळ बसायला पाणी मारता येतं, ट्रकवर ताडपत्री घालता येते, त्यांच्या वेळा ठरवता येतात. भिंत बांधून भुयारी मार्ग देता येतो आणि त्यात पाणी साचू नये म्हणून गटारही काढता येतं. हे सगळं मागता येतं, आणि नेट लावून मागितलं तर मिळतंही.

पुढच्या रविवारी परत बैठक आहे म्हणे, विषय लेटरहेडचा रंग. मी येणार नाही. माहिती अधिकाराचा अर्ज लिहून ठेवलाय, भिंतीचं पत्रही तयार आहे. दोन्हींच्या प्रती काढून पुण्याला मी स्वतः नेऊन देणार आहे. ज्याला सही करायचीय त्यानं घरी यावं, वहीतली आपली रात्र निवडावी. आणि येताना रस्त्यानं या, भगदाडातून नको.