"एकत्र नको" म्हणजे नक्की काय नको?

अरे, एकदा काय ते ठरवा ना! परीक्षेतला प्रश्न: "बनाना (BANANA) या इंग्रजी शब्दातील अक्षरे अशी किती प्रकारे मांडता येतील की ए एकत्र येणार नाहीत?" एकत्र म्हणजे? तिन्ही ए एका गठ्ठ्यात नकोत, की कुठलेच दोन शेजारी नकोत? पहिल्याचं उत्तर ४८, दुसऱ्याचं १२. मी १२ला खूण केली, उत्तरसूचीत ४८. मार्क गेला तो गेला, वर निगेटिव्ह मार्किंग.

रीत चुकली असती तर मुकाट बसलो असतो. आधी बी आणि दोन एन मांडले, ३ प्रकार. त्यांच्या मध्ये आणि कडेला मिळून फटी ४, त्यांतल्या तिघींत एकेक ए, म्हणजे ४ प्रकार. तीन चोक बारा. संपलं.

पण हे "संपलं" म्हणेपर्यंत दोन रात्री डोक्याचं दही झालं होतं. पहिल्यांदा फटी भरताना सारखेच असलेले ए आपसात फिरवत बसलो, आले ७२. एकूण मांडण्याच ६०! आडात साठ आणि पोहऱ्यात बहात्तर. मग म्हटलं, उलटं जाऊ, दोन ए शेजारी येतात त्या वजा करू. दोन ए बांधले, झाल्या पाच वस्तू, ५! (५×४×३×२×१) भागिले २! (२×१, दोन एन सारखेच म्हणून), म्हणजे ६०. साठातून साठ गेले, शून्य. म्हणजे ए वेगळे ठेवताच येत नाहीत! आणि प्रश्नात छापलेला शब्द समोरच, त्यात तिन्ही ए ऐसपैस लांब लांब बसलेले. तिन्ही ए सलग आले की तीच मांडणी दोनदा मोजली जाते, जोडी आधी आणि सुटा नंतर, किंवा सुटा आधी. अशा १२ मांडण्या जास्तीच्या वजा झाल्या. हे एका ओळीत लिहायला गाईडवाल्यांना काय झालं होतं? तिथे नुसतं "वरीलप्रमाणे".

(मराठी शब्द देतच नाहीत ते बरं. "कडकडाट"मधला ड आणि डा एक की दोन, यावर वेगळीच हाणामारी.)

त्यात शब्दही असा शोधलाय की तिन्ही ए एकत्रच हवेत म्हटलं तरी उत्तर १२च! प्रश्न साफ उलटा वाचणारा आणि मी, दोघांचा आकडा एकच.

हरकत नोंदवली. उत्तर आलं, "प्रश्न स्पष्ट आहे." कुठला हो? ४८ वाला की १२ वाला?